पात्रता कोणाची, परवाना कशाचा? : बालसंगोपनाच्या शासकीय परिभाषेची चिकित्सा
(विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

सारांश

लहान मुलांना सांभाळण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हा प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने अंगणवाडी सेविकेच्या निवडीच्या रूपाने समोर येतो. प्रस्तुत लेखात ‘अंगणवाडी’, ‘सेविका’, ‘मानधन’ आणि ‘स्थानिक रहिवासी’ या चार संज्ञांची चिकित्सा केली आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात या संकल्पनेचा जो मूळ अर्थ होता, तो शासकीय योजनेत येताना कसा बदलला आणि त्याचा परिणाम धाराशिवसारख्या स्थलांतरप्रवण जिल्ह्यातील बालकांवर कसा होतो, याचा विचार येथे केला आहे. पात्रतेची अट गावाशी बांधलेली आहे आणि मूल मात्र वर्षातील काही महिने गावात नसते, ही विसंगती या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे.

बीजसंज्ञा : अंगणवाडी, बालसंगोपन, पात्रता, मानधन, स्थलांतर, पाळणाघर.

प्रस्तावना

‘मूल सांभाळणे’ या क्रियेसाठी शिक्षण किंवा प्रमाणपत्र लागते, ही कल्पना मराठी समाजाला तशी अपरिचित आहे. मूल आईने सांभाळावे, ती कामाला गेली तर आजीने, आजी नसेल तर थोरल्या बहिणीने सांभाळावे, अशी ही परंपरागत उतरंड आहे. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर स्त्री उभी आहे आणि कोणत्याही पायरीवर मोबदला नाही. त्यामुळे हे काम कौशल्याचे आहे की स्वभावाचे, हा प्रश्न दीर्घकाळ कोणी विचारला नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न परवान्याच्या रूपाने पुढे आला. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या व्यक्तींची नोंदणी व तपासणी २००१ पासून ‘ऑफस्टेड’ ही शासकीय यंत्रणा करते. अमेरिकेत बालसंगोपन केंद्रांना त्या त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि अनेक राज्यांत घरगुती स्वरूपाच्या केंद्रांनाही तो आवश्यक असतो. तेथे परीक्षा एकट्या व्यक्तीची नसते. जागा किती, मुले किती, त्यांच्यामागे माणसे किती, प्रथमोपचाराचे ज्ञान आहे काय, पूर्वचारित्र्य कसे आहे, या सर्वांची छाननी होते.

महाराष्ट्रात या स्वरूपाचा एकच एक परवाना रूढ झालेला नाही. त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अंगणवाडी सेविका म्हणून होणारी निवड. राज्यात १ लाख १० हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. ग्रामीण भागातील बारावी झालेल्या स्त्रीसाठी गावातच मिळू शकणारे, शासनाची मोहोर असलेले हे जवळजवळ एकमेव काम आहे. म्हणूनच या निवडीच्या निकषांकडे भरतीची तांत्रिक बाब म्हणून न पाहता एक संहिता म्हणून पाहणे उपयुक्त ठरते. ज्या समाजाने ती लिहिली, त्याला मूल सांभाळण्याच्या कामाविषयी नेमके काय वाटते, हे त्या संहितेच्या ओळींतून कळते.

१. ‘अंगण’ या शब्दाचा मूळ अर्थ

‘अंगणवाडी’ हा शब्द आज संपूर्ण देशाच्या प्रशासकीय भाषेत रुळला आहे. तो मात्र कोणत्याही मंत्रालयात जन्मला नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी मध्यमवर्गीय मुलांपुरते मर्यादित राहिलेले हे शिक्षण खेड्यात नेण्यासाठी १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य १९५७ च्या सुमारास जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बोर्डीच्या प्रयोगात बालवाडीचे दोन प्रकार होते. एक मध्यवर्ती बालवाडी, जेथे मुले येत. दुसरी अंगणवाडी, जेथे शिक्षिका जात असे. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. म्हणजे ‘अंगणवाडी’ या शब्दात मुळात एक हालचाल आहे. शिक्षिकेने मुलाच्या दिशेने चालत जाणे, हा त्या शब्दाचा गाभा आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला जी ‘कुरणशाळा’ भरली, तिच्यामागेही हेच तत्त्व होते. मूल कुरणात असेल तर शाळाही कुरणात.

अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या घडणीचा विचार येथे आवश्यक ठरतो. त्या बालविधवा होत्या. प्रशिक्षित शिक्षिका म्हणून ग्रामीण शाळेत आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले होते. १९४५ मध्ये त्या ताराबाईंसोबत बोर्डीला गेल्या, तेव्हा रूढ अर्थाने त्यांच्याजवळ पात्रता होती. तरीही आदिवासी मुलांमध्ये काम करताना मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात करावी लागली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने तयार करावी लागली. वयाच्या ५१ व्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या पदवीधर झाल्या. त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर बालशिक्षिकेची पात्रता ही प्रवेशद्वारावर तपासून संपणारी गोष्ट नाही, ती कामातून सतत वाढत जाते, हे लक्षात येते.

याच परिसरात ‘विकासवाडी’ ही संकल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असावी, असा हा विचार. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून थोरली मुलगी शाळेत येत नाही, हे वास्तव त्यामागे होते. धाकट्याचे पाळणाघर ही थोरलीच्या शिक्षणाची पूर्वअट आहे, हे कोसबाडने सात दशकांपूर्वीच ओळखले होते. धाराशिवच्या संदर्भात या निरीक्षणाकडे पुन्हा यावे लागेल.

२. ‘सेविका’ आणि ‘मानधन’ : योजनेची भाषा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिला प्रकल्प अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे होता. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा एका केंद्रात आणणारी ही योजना निःसंशय दूरदर्शी होती. तिने ‘अंगणवाडी’ हा शब्द स्वीकारला. परंतु शब्द स्वीकारताना त्यातील हालचाल मागे राहिली. अंगणवाडी हे ‘केंद्र’ झाले आणि मुलाने तेथे यावे, अशी रचना झाली.

शब्दातील ‘अंगण’ मात्र टिकले आणि त्याचा वेगळाच परिणाम झाला. अंगण हा घराचा भाग असतो, आणि घरात केलेल्या कामाला आपल्याकडे वेतन नसते. अंगणवाडीत काम करणारी स्त्री ‘शिक्षिका’ न होता ‘सेविका’ झाली आणि तिच्या हाती पडणारी रक्कम ‘वेतन’ न होता ‘मानधन’ झाली. मानधन हा शब्द मराठीत वक्त्याला, परीक्षकाला, पाहुण्या कलावंताला देण्याच्या रकमेसाठी वापरला जातो. ज्याचा चरितार्थ दुसऱ्या मार्गाने चालतो, त्याच्या श्रमाचा सन्मान म्हणून दिलेली ती रक्कम असते. महिनाभर दररोज काम करणाऱ्या, विधवा वा परित्यक्ता असणाऱ्या अनेक स्त्रियांच्या उपजीविकेला हा शब्द लावणे म्हणजे त्यांच्या गरजेवर सन्मानाचा पडदा टाकणे होय.

या शब्दाचे कायदेशीर परिणामही झाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्याच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका शासकीय नागरी पद धारण करीत नाहीत, असा निर्णय दिला. त्यानंतर २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील मणिबेन मगनभाई भारिया यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमाखाली उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे आणि अंगणवाडीतील पूर्वशालेय शिक्षण हे शैक्षणिक कार्य आहे, ही या निर्णयाची दोन महत्त्वाची सूत्रे आहेत. शब्दामागे दडलेले वास्तव येथे न्यायालयाने उघड केले. तरीही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील सेविका व मदतनिसांना उपदान, निवृत्तिवेतन आणि मानधनवाढीसाठी दीर्घ संप करावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

आकड्यांकडेही पाहावे लागेल. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने सेविकेचे मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले. राज्याच्या वाट्यासह महाराष्ट्रात २०२३ च्या निर्णयानुसार सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. पुढेही त्यात काही भर पडली. या वाढीचे स्वागतच केले पाहिजे. मात्र वाढ रकमेत झाली, संज्ञा तीच राहिली.

३. निवडीचे निकष : एक संहिता

२०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सेविका व मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान बारावी उत्तीर्ण ही शैक्षणिक अर्हता आणि १८ ते ३५ ही वयोमर्यादा ठरली. महाराष्ट्राने २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे ती स्वीकारली आणि विधवांसाठी वयाची मर्यादा ४० पर्यंत वाढवली. उमेदवार स्थानिक रहिवासी असावी आणि तिला दोनपेक्षा अधिक अपत्ये नसावीत, याही अटी आहेत.

या संहितेत काय आहे, यापेक्षा काय नाही हे अधिक महत्त्वाचे आहे. गुणपत्रिका आहे, रहिवासाचा पुरावा आहे, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आहे. मूल रडत असताना ही स्त्री काय करते, तिला मुलांशी बोलता येते काय, गोष्ट सांगता येते काय, ताप चढलेल्या मुलाकडे तिचे लक्ष जाते काय, याची चाचणी नाही. प्रशिक्षण निवडीनंतर येते आणि त्याचा मोठा भाग नोंदवह्या व माहिती संकलनाच्या कामात जातो. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या उपयोजनानंतर सेविकेच्या दिवसातील भ्रमणध्वनीचा वाटा आणखी वाढला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या उणिवेची दखल घेतली आहे. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम त्यात सुचवला आहे. ही सूचना योग्य दिशेची आहे. मात्र प्रमाणपत्र वाढले आणि दर्जा ‘सेविका’ हाच राहिला, तर अपेक्षा शिक्षिकेच्या आणि स्थान मानसेवी, असा विरोध अधिक तीव्र होण्याची शक्यता आहे.

४. धाराशिव : फडावरचे मूल

धाराशिव (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) हा बालाघाटच्या डोंगररांगांतील अवर्षणप्रवण जिल्हा. २०१८ मध्ये निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशिम यांच्यासोबत त्याचा समावेश झाला. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पश्चिम महाराष्ट्र वा कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात ही जोडी कोपी उभारते आणि हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, तेथेच राहते. सोबत सहा वर्षांखालील मुले असतात, कारण त्यांना मागे ठेवण्यासारखे घरात कोणी नसते.

येथे ‘स्थानिक रहिवासी’ या अटीचा दुसरा चेहरा दिसतो. ही अट अनाठायी नाही. गावातली सेविका गावाची बोली बोलते, कोणत्या घरात गरोदर बाई आहे हे तिला माहीत असते, आणि बाहेरून येणाऱ्या शिक्षकांच्या गैरहजेरीचा अनुभव असलेल्या गावाला ‘आपली ताई’ रोज भेटते. परंतु या अटीने सेविकेची पात्रता गावाच्या शिवेशी बांधली गेली. मूल शिवेबाहेर पडले की त्याच्यासाठी पात्र ठरवलेली व्यक्ती मागेच राहते. उसाच्या फडावर कोणीच ‘स्थानिक’ नसते. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या ठिकाणी वर्ग करण्याची सोय आहे आणि महिला व बालविकास विभागाने स्थलांतराचा मागोवा घेणारी स्वतंत्र संगणकीय प्रणालीही उभी केली आहे. या प्रणालींमुळे नोंद मुलासोबत प्रवास करते. ताई प्रवास करीत नाही.

मग फडावर मुलाला कोण सांभाळते? तोड पहाटेच सुरू होते. आई मोळ्या बांधत असते. तान्हे मूल उसाच्या सावलीला झोळीत असते आणि त्याच्याजवळ आठ-दहा वर्षांची थोरली बहीण बसलेली असते. या व्यवस्थेतील खरी बालसंगोपनकर्ती तीच. तिला अर्हतेची अट नाही, वयाची मर्यादा नाही, मानधनही नाही. कोसबाडच्या विकासवाडीने जो प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला, तो आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांपुढे दर हंगामात नव्याने उभा राहतो. साखरशाळांनी आणि २०२१ मध्ये निर्णय झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेने शाळकरी मुलामुलींचा विचार केला. त्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तीन वर्षांचे मूल वसतिगृहात राहू शकत नाही, आणि त्याच्यासाठी थोरलीला फडावर ठेवले गेले तर वसतिगृहातील तिची जागाही रिकामी राहते.

कारखान्यांसंबंधीच्या कायद्यांचा आधार येथे मिळत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्री कामगार असल्यास पाळणाघर बंधनकारक होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते लागू केले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचीच मर्यादा आहे. ऊसतोड करणारी स्त्री मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती मुकादमाच्या वहीत, तीही बहुधा नवऱ्याच्या नावाखाली, अर्धा कोयता म्हणून असते. पाळणाघर मागण्यासाठी आधी कामगार ठरावे लागते, ही पायरीच तिला ओलांडता आलेली नाही.

५. तिसरी संहिता : रोजगार हमीतील पाळणाघर

या संदर्भात आणखी एका संहितेकडे लक्ष वेधणे गरजेचे वाटते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्याच धर्तीवरील २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद होती. कामाच्या ठिकाणी स्त्री मजुरांसोबत सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील, तर त्या स्त्रियांपैकी एकीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरीच्या दराने मोबदला द्यावा, असे तेथे म्हटले होते. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय आहे. पण भाषेच्या दृष्टीने ही तरतूद क्रांतिकारक होती. माती खणणे आणि मूल सांभाळणे यांना तिने एकाच मजुरीच्या मापाने मोजले, आणि पाळणाघर मुलाच्या ठिकाणी नेले.

तिन्ही संहिता शेजारी ठेवल्या असता चित्र स्पष्ट होते. कोसबाडजवळ मुलाकडे जाणे होते आणि प्रशिक्षणही होते, मात्र ते समर्पित व्यक्तींच्या बळावर उभे होते. एकात्मिक बालविकास योजनेकडे अर्हता आणि व्याप्ती आहे, मात्र ती गावात स्थिर आहे आणि मोबदला मानधनाचा आहे. रोजगार हमीच्या तरतुदीत मुलाचे ठिकाण आणि मजुरी दोन्ही होते, मात्र सांभाळणारीसाठी कोणतीही पात्रता वा शिक्षण नव्हते. मुलाला या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत, आणि आपल्या व्यवस्थेने त्या तीन ठिकाणी वाटून ठेवल्या आहेत.

६. शहरी पाळणाघर आणि आपण

विवेचनाची दुसरी बाजू शहरी आहे आणि ती प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. नोकरदार दांपत्यांची मुले ज्या खासगी पाळणाघरांत वा नर्सरीत जातात, तेथे शुल्क असते, रंगवलेल्या भिंती असतात. सांभाळणारीची पात्रता मात्र बहुधा कोणी तपासलेली नसते. राज्याचा १९९६ चा पूर्वप्राथमिक केंद्रांविषयीचा कायदा प्रवेशाच्या नियमनापुरता होता. केंद्र शासनाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, पण सूचनेला परवान्याचे बळ नसते. गरीब मुलांच्या सेविकेला अर्हतेच्या अटी आहेत आणि पुरेसे वेतन नाही. सुस्थित मुलांच्या पाळणाघरात शुल्क आहे आणि अर्हतेची अट नाही. वरवर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या या दोन स्थितींचे मूळ एकच आहे. मूल सांभाळणे हे स्त्रीला आपोआप येते, हे ते गृहीतक.

महाविद्यालयेही या गृहीतकापासून मुक्त नाहीत. नॅकच्या मूल्यांकनात लिंगसमभावाच्या सुविधांमध्ये पाळणाघराचा उल्लेख असतो. त्यासाठी खोली दाखवली जाते. त्या खोलीत कोण बसणार, तिला कोणते प्रशिक्षण आहे, तिला कोणत्या शीर्षाखाली वेतन मिळणार, हे प्रश्न अहवालाच्या रकान्यात बसत नाहीत. आपण आपल्याच सहकारी प्राध्यापिकेच्या मुलाविषयी जे विचारत नाही, ते शासनाने फडावरच्या मुलाविषयी विचारावे, ही अपेक्षा आपल्याला कोणत्या अधिकाराने करता येईल?

७. एक आक्षेप

परवान्याचा आग्रह धरला तर गावातील कमी शिकलेली, गरजू स्त्री या कामातून बाहेर फेकली जाईल आणि कागदपत्रांचा नवा बाजार उभा राहील, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अर्हता दहावीवरून बारावीवर गेली तेव्हाच अनेकींची वाट बंद झाली. म्हणूनच परवाना केवळ व्यक्तीकडून मागितला जाऊ नये. त्यात जागा, मुलांची संख्या, कामाचे तास आणि मोबदला यांची हमी देणाऱ्या संस्थेची जबाबदारी आधी यावी. प्रवेशाची पायरी उंच करण्यापेक्षा प्रवेशानंतरचे शिक्षण सलग व सवेतन असावे, हा अनुताईंच्या घडणीतून मिळणारा धडा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘अंगणवाडी’ या संज्ञेतील मुलाकडे जाण्याचा अर्थ शासकीय परिभाषेत क्षीण झाला आणि घरकामाचा अर्थ बळावला. ‘सेविका’ व ‘मानधन’ या शब्दांनी कौशल्याच्या कामाला सेवाभावाचे रूप दिले. ‘स्थानिक रहिवासी’ ही अट स्थिर गावासाठी योग्य असली, तरी हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलाला ती संरक्षणाबाहेर ठेवते.

उपाय अशक्यप्राय नाहीत. ‘मिशन शक्ती’अंतर्गत २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-नि-पाळणाघर ही कल्पना स्वीकारली गेली आहे. हंगामाच्या काळात तिचे केंद्र कारखान्याच्या कार्यक्षेत्रात उभे राहू शकते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतीलच एखाद्या स्त्रीला हंगामापूर्वी प्रशिक्षण देऊन, पूर्ण वेतनावर, त्या टोळीसोबत पाठवता येईल. तिच्या पात्रतेचे प्रमाणपत्र गावाच्या नावाने न देता टोळीतील मुलांच्या यादीला जोडता येईल. असे प्रशिक्षण देण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांचे गृहविज्ञान, समाजशास्त्र व मराठी विभाग करू शकतात. बालगीते, गोष्टी, बोलीतील खेळ यांचे संकलन हा तर आपल्याच अभ्यासाचा विषय आहे.

मूल सांभाळणारीची पात्रता ठरवताना आजवर आपण ती कोठे राहते, हे विचारले. मूल कोठे आहे, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे. भूम-परंड्याच्या अंगणवाडीच्या पटावर ज्याचे नाव आहे, ते मूल मार्गशीर्षात दोनशे किलोमीटरवरच्या फडावर बहिणीच्या मांडीवर असते. परवाना त्याच्यामागे तिथवर पोहोचला, तरच त्या बहिणीची शाळा सुरू होईल.